समीक्षक ते महोत्सव संचालक: आल्बेर्तो बार्बेरा यांच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चैतन्य ताम्हाणे यांचे 'कोर्ट' आणि 'द डिसायपल' हे दोन्ही चित्रपट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाला गेले आणि पुरस्कार घेऊन आले. तेव्हापासून फिल्म सोसायटीत चहाच्या वेळी "हे निवडतं कोण?" हा प्रश्न हमखास निघतो. दोन्ही वेळा संचालकाच्या खुर्चीत एकच माणूस होता आणि तो मूळचा समीक्षक. त्याची कारकीर्द समोर ठेवून या पेशाबद्दलच्या नेहमीच्या शंकांना इथे उत्तरं दिली आहेत. ज्यांना स्वतःला यात पडायचं आहे त्यांनी शेवटचे तीन प्रश्न आधी वाचले तरी चालेल.

आल्बेर्तो बार्बेरा कोण?

व्हेनिस आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे संचालक. जन्म १९५० चा, उत्तर इटलीतल्या बिएल्ला गावचा. शिक्षण आणि उमेदवारी तुरीन शहरात. व्हेनिसला त्यांच्या दोन खेळी झाल्या. पहिली १९९९ ते २००१ या तीन महोत्सवांची. मग दहा वर्षांचा खंड, आणि २०१२ पासून दुसरी. हा महोत्सव १९३२ साली सुरू झाला, म्हणजे फ्रान्समधल्या 'कान' महोत्सवापेक्षाही जुना. लिदो नावाच्या लांबट बेटावर ऑगस्टच्या अखेरीस तो भरतो आणि अकराएक दिवस चालतो.

ते समीक्षक कसे झाले?

आपल्याकडे बहुतेक जण होतात तसेच: फिल्म क्लबातून. १९७७ पासून बारा वर्षं ते तुरीनमधल्या कलात्मक चित्रपटांच्या रसिकांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. मधल्या काळात, १९८० ते १९८३, 'गाझेत्ता देल पोपोलो' या तुरीनच्या जुन्या दैनिकात चित्रपट समीक्षा लिहिली. मग ते दैनिकच बंद पडलं. दरम्यान १९८२ मध्ये तुरीनला तरुणांच्या सिनेमाचा एक महोत्सव सुरू झाला. बार्बेरा सुरुवातीपासून त्यात होते आणि १९८९ ते १९९८ त्याचे संचालक. आजचा तोरिनो (म्हणजे तुरीन) फिल्म फेस्टिव्हल तो हाच.

त्यांच्या ओळखीत 'समीक्षक' हा शब्द आधी येतो, पण माझ्या मते पाया क्लबाचा आहे. वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याला आपला वाचक कधी दिसत नाही. क्लब चालवणाऱ्याला मात्र मध्यंतराआधीच चपला घालून निघालेला सभासद दर आठवड्याला दिसतो. तरीही पुढच्या महिन्यात तितकाच अवघड चित्रपट लावायचा का, हे त्यालाच ठरवावं लागतं. महोत्सवाचं काम म्हणजे हाच निर्णय, फक्त मोठ्या प्रमाणावर.

म्हणजे संचालक व्हायला समीक्षक असावंच लागतं का?

अजिबात नाही. व्हेनिसच्या खुर्चीवर कार्लो लिझ्झानी आणि जिल्लो पोन्तेकोर्वो हे दिग्दर्शकही बसले आणि जान लुइजी रोंदी, गुल्येल्मो बिरागी हे समीक्षकही. पुण्याचा 'पिफ' महोत्सव डॉ. जब्बार पटेल यांनी उभा केला.

तरी समीक्षकांची रांग मोठी आहे. कानला जवळपास पाव शतक निवडीची सूत्रं सांभाळणारे जिल झाकोब आधी 'लेक्सप्रेस' साप्ताहिकात लिहायचे. 'गार्डियन'चे डेरेक माल्कम १९८४ पासून काही वर्षं लंडनच्या महोत्सवाचे संचालक होते. दिल्लीत अरुणा वासुदेव यांनी १९८८ मध्ये 'सिनेमाया' हे आशियाई सिनेमाला वाहिलेलं त्रैमासिक काढलं, १९९० मध्ये आशियाई सिनेमाच्या प्रसारासाठी 'नेटपॅक' ही संस्था उभी केली आणि १९९९ मध्ये 'सिनेफॅन' महोत्सव. आपल्या मुंबईत सुधीर नांदगावकर: १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीपासून ते 'थर्ड आय' आशियाई चित्रपट महोत्सवापर्यंत.

दिग्दर्शक संचालक झाला की त्याच्या शब्दाला वजन येतं, मोठी नावं फोन उचलतात. समीक्षकाकडे ते वजन नसतं. त्याच्याकडे असते ती आधी पाहिलेल्या चित्रपटांची स्मरणशक्ती. नवा वाटणारा चित्रपट खरंच नवा आहे, की वीस वर्षांपूर्वीच्या कुणाची नक्कल, हे त्याला दहा मिनिटांत कळायला हवं. तेवढ्यासाठीच त्याला बोलावलेलं असतं.

संचालक वर्षभर करतो काय?

पाहतो. मुख्य काम हेच. हिवाळ्यापासून प्रवेशिका यायला लागतात आणि त्यांची संख्या हजारांत असते. वसंतात अर्धवट संकलित चित्रपट येतात. संगीत तात्पुरतं, रंग कच्चे, कधी मधला एखादा प्रसंगच नाही. एप्रिलमध्ये कानची यादी जाहीर झाली की तिथे न घेतलेले आणि तिथे मुद्दाम न गेलेले असे दोन्ही प्रकारचे चित्रपट व्हेनिसकडे वळतात. जुलैअखेर पत्रकार परिषद, आणि मग महिनाभरात पडदा उघडतो.

उरलेलं काम म्हणजे वाटाघाटी. कोणत्या दिवशी कोणता चित्रपट, कोणता तारा कुठल्या विमानाने, कोणाचा शेजार कोणाला नको. अमेरिकेतल्या टेलुराइडचे आणि कॅनडातल्या टोरांटोचे महोत्सव त्याच सुमारास भरतात, त्यामुळे एकाच चित्रपटावर तिघांचा डोळा असतो. व्हेनिसच्या स्पर्धेत जगातला पहिला खेळ तिथेच व्हावा लागतो, म्हणून ही ओढाताण आणखी तीव्र.

आणि नकार कळवणं. स्पर्धेत अलीकडे साधारण वीस-एकवीस चित्रपट असतात. बाकी हजारोंना 'नाही' म्हणायचं. समीक्षकाने झोडपलं तरी चित्रपट थिएटरात असतो, लोक स्वतः जाऊन ठरवतात. महोत्सवाने नाकारलेला चित्रपट कोणी पाहिलेलाच नसतो. त्या नकाराची परीक्षा घेणारा तिसरा माणूस नाही. या पेशातली मला सर्वांत जड वाटणारी गोष्ट हीच.

निवड एकट्याची असते का?

निवड समिती असते, देशोदेशीचे सल्लागार असतात, पण सही संचालकाची. चुकलं तर शिव्याही त्यालाच.

मग पुरस्कारही तेच ठरवतात?

नाही. ते काम ज्युरीचं. ज्युरीत कोण असावं हे सुचवण्यापर्यंत संचालकाचा हात, पुढे नाही. २००० साली बुद्धदेव दासगुप्ता यांच्या 'उत्तरा'ला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि २००१ मध्ये मीरा नायर यांच्या 'मॉन्सून वेडिंग'ला सुवर्णसिंह, म्हणजे व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार. दोन्ही वर्षी संचालक बार्बेरा, निर्णय ज्युरीचा.

'कोर्ट'मध्ये निवडणाऱ्याला काय दिसावं?

या प्रश्नाला जरा वेळ देऊ, कारण समीक्षकाची नजर उपयोगी पडते ती इथे.

२०१४ साली 'कोर्ट' आला तेव्हा दिग्दर्शक सत्तावीस वर्षांचा, पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, एकही ओळखीचा तारा नाही. लोकशाहीर नारायण कांबळेवर खटला आहे: त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला, असा आरोप. विषय ऐकून कोणालाही वाटेल की आता भाषणं होतील, अश्रू येतील. प्रत्यक्षात कॅमेरा लांब, बहुतेक वेळा हललेला नाही, आणि न्यायालयात जे चाललंय ते तारखांचं, अर्जांचं, पुढच्या खटल्याच्या पुकाऱ्याचं कंटाळवाणं काम. मधेच सरकारी वकीलबाई संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. त्यांचा आणि खटल्याचा काही संबंध नाही असं वाटतं, आणि हळूहळू लक्षात येतं की सगळा संबंध तोच आहे.

आता शेवटाकडे या. सुट्टी लागते, न्यायालय रिकामं होतं, एकेक करून दिवे बंद होतात, पडदा काळा. इथे कोणीही म्हणेल, संपला. संगणकावर लिंक उघडून पाहणारा थकलेला माणूस ती बंद करून पुढच्या चित्रपटाकडे वळेल. पण तो काळोख काही सेकंदांनी फिटतो आणि न्यायाधीश कुटुंबकबिल्यासह सहलीला निघालेले दिसतात. त्यानंतरच्या काही मिनिटांत या व्यवस्थेबद्दल जे कळतं ते आधीच्या सगळ्या सुनावण्यांत कळलेलं नसतं. काळ्या पडद्यावर उठून न जाणं, हे महोत्सवाच्या निवडीचं अर्धं कौशल्य.

'कोर्ट' मुख्य स्पर्धेत का नव्हता?

तो 'ओरिझोंती' या विभागात होता. नव्या वाटा शोधणाऱ्या चित्रपटांसाठी असलेली ही दुसरी स्पर्धा. आपल्याकडे काहींना यात कमीपणा वाटला. मला तसं वाटत नाही. मुख्य स्पर्धेत त्या वर्षी मोठमोठी नावं होती. पहिलटकराचा चित्रपट तिथे गेला असता तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन ओळींत आटोपला असता. ओरिझोंतीत तो सर्वोत्कृष्ट ठरला. शिवाय पदार्पणाच्या चित्रपटासाठी असलेला 'भविष्याचा सिंह' हा पुरस्कारही मिळाला. त्याची रक्कम एक लाख डॉलर.

सहा वर्षांनी 'द डिसायपल' थेट मुख्य स्पर्धेत आला. 'मॉन्सून वेडिंग'नंतर त्या स्पर्धेतला पहिला भारतीय चित्रपट, तोही मराठी. पटकथेचा पुरस्कार आणि समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा फिप्रेसी पुरस्कार दोन्ही मिळाले. चित्रपट कोणत्या खोलीत आणि कोणत्या वर्षी दाखवायचा हे ठरवणं म्हणजे समीक्षाच, फक्त न लिहिलेली. अशी न लिहिलेली समीक्षा करणारे म्हणून बार्बेरा मला महत्त्वाचे वाटतात.

'संत तुकाराम'चं आणि व्हेनिसचं नातं काय?

१९३७ साली दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' व्हेनिसला दाखवला गेला आणि नावाजला गेला. प्रभात फिल्म कंपनीची ती कीर्ती आपण अजून सांगतो. तेव्हाचा महोत्सव मात्र फॅसिस्ट राजवटीतला होता आणि मुख्य पुरस्काराचं नाव चक्क मुसोलिनी चषक. १९३८ च्या निकालांवर फ्रेंच इतके चिडले की त्यांनी स्वतःचा महोत्सव काढायचं ठरवलं. त्यातून कान जन्माला आलं.

२००१ नंतर त्यांना का जावं लागलं?

सरकार बदललं म्हणून. २००१ मध्ये इटलीत बर्लुस्कोनी निवडून आले. हा महोत्सव व्हेनिसच्या बिएनाले या कलासंस्थेचा भाग आहे आणि बिएनालेच्या वरच्या नेमणुका सरकारच्या हातात. काही महिन्यांत अध्यक्ष पाओलो बाराता गेले, त्यांच्यापाठोपाठ बार्बेरा. २००२ चा महोत्सव बर्लिनच्या महोत्सवातून नुकत्याच मोकळ्या झालेल्या मॉरिट्झ द हाडेल्न यांच्याकडे घाईघाईने सोपवला गेला. कामात खोट काढावी असं काही नव्हतं. बार्बेरांच्या पहिल्या तीन वर्षांतला एक सुवर्णसिंह झांग यिमोऊ यांच्या 'नॉट वन लेस'ला आणि एक जाफर पनाही यांच्या 'द सर्कल'ला मिळाला होता.

साहित्य संस्कृती मंडळांच्या नेमणुका पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

मग मधली दहा वर्षं?

तुरीनमध्ये मोले आन्तोनेल्लियाना नावाची उंच शिखराची इमारत आहे. इटलीचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिच्यात आहे. २००४ ते २०१६ बार्बेरा त्याचे संचालक होते. म्हणजे व्हेनिसला परतल्यावरही काही वर्षं दोन्ही कामं सोबत चालली. नव्या चित्रपटांत बुडालेल्या माणसाने जुन्या प्रिंटांच्या सहवासात इतकी वर्षं काढावीत, हे मला त्याच्या फायद्याचंच वाटतं. बाराता २००८ मध्ये बिएनालेवर परतले होते. २०१२ साली मार्को म्युलर यांच्या जागी बार्बेरा आले.

तेव्हा लिदोवर महोत्सवाच्या इमारतींसमोर एक भलामोठा खड्डा होता. नव्या चित्रपटगृहासाठी खोदला आणि खाली ॲस्बेस्टॉस सापडल्याने काम थांबलेलं. वर्षानुवर्षं पाहुणे त्याला वळसा घालून जात. २०१६ मध्ये त्या जागी लाल ठोकळ्यासारखं 'साला जार्दिनो' उभं राहिलं.

त्यांनी महोत्सव हॉलिवूडला विकला, असं म्हणतात. खरं का?

टीका रास्त आहे, शब्द जरा जास्त आहेत. 'ग्रॅव्हिटी' २०१३ ला, 'बर्डमॅन' २०१४ ला, 'ला ला लँड' २०१६ ला व्हेनिसचे उद्घाटनाचे चित्रपट होते, आणि पुढे त्यांनी ऑस्करमध्ये काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. २०१८ मध्ये कानने फ्रेंच थिएटरांत न लागणारे चित्रपट स्पर्धेत घ्यायचे नाहीत असा नियम लावला, नेटफ्लिक्सने पाठ फिरवली, आणि त्यांचा 'रोमा' व्हेनिसला येऊन सुवर्णसिंह घेऊन गेला. इटलीतले थिएटरमालक भडकले. पुढच्या वर्षी सुवर्णसिंह 'जोकर'ला, म्हणजे कॉमिक्समधल्या खलनायकाला.

पण लाल गालिच्यावर तारे आले की पत्रकार येतात, आणि आलेला पत्रकार दुपारी मोकळा असला तर एखादा मराठी चित्रपटही पाहतो. हे गणित बार्बेरांनी उघडपणे मांडलंय आणि सांभाळलंय. बिएनाले कॉलेज ही योजना त्यांच्याच पहिल्या वर्षी, २०१२ ला सुरू झाली. नवोदितांना दीड लाख युरोंत पूर्ण चित्रपट करू द्यायचा, अशी ती तेव्हा होती. शुभाशिष भुतियानी यांचा वाराणसीत घडणारा 'मुक्ति भवन' तिच्यातूनच झाला.

त्यांची चूक कुठे झाली?

स्त्री दिग्दर्शकांच्या बाबतीत. २०१७ आणि २०१८ या दोन्ही वर्षी मुख्य स्पर्धेत जेमतेम एकेक. आपण दर्जा पाहतो, लिंग पाहत नाही, अशी त्यांची भूमिका होती आणि ती टिकली नाही. दर्जा पाहणारी नजर कुठे घडली, कोणते चित्रपट पाहून घडली, हा प्रश्न समीक्षकाने स्वतःला आधी विचारायला हवा होता. २०१८ मध्ये महोत्सवाने समानतेच्या जाहीरनाम्यावर सही केली. २०२० मध्ये अठरापैकी आठ चित्रपट स्त्रियांचे होते आणि सुवर्णसिंह क्लोई झाओ यांच्या 'नोमॅडलँड'ला गेला. म्हणजे चित्रपट नव्हते असं नाही. २०१९ मध्ये रोमान पोलान्स्की यांचा चित्रपट स्पर्धेत घेतल्यावरही वादळ उठलं, खुद्द ज्युरीच्या अध्यक्ष लुक्रेसिया मार्तेल यांनी अस्वस्थता बोलून दाखवली.

आणि कोविडच्या वर्षी?

२०२० मध्ये कानचा महोत्सव नेहमीसारखा भरू शकला नाही. व्हेनिस २ ते १२ सप्टेंबर भरलं. तोंडाला मास्क, एक सोडून एक खुर्ची, आणि गर्दी जमू नये म्हणून लाल गालिच्यापुढे चक्क भिंत. 'द डिसायपल' दाखवला गेला तो याच महोत्सवात. तो भरवण्याचं धाडस हे माझ्या लेखी बार्बेरांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम.

संचालक झाल्यावर समीक्षा लिहिता येते का?

व्यवहारात नाही. निवडलेल्या चित्रपटाची स्तुती केली तर जाहिरात, न निवडलेल्याबद्दल लिहिलं तर सूड. ज्याला लिहिण्याची तलफ सोडवत नाही त्याने या वाटेला न जाणं बरं. माहितीपुस्तिकेतल्या चार ओळी आणि खेळाआधीचं दोन मिनिटांचं बोलणं, एवढंच हातात राहतं.

महाराष्ट्रात राहून यात पोट भरतं का?

निव्वळ समीक्षेवर भरत नाही. मराठीत आजवर बहुतेकांनी वृत्तपत्राची, बँकेची, प्राध्यापकी अशी नोकरी सांभाळून हे केलं. महोत्सवातली कामं हंगामी आणि कंत्राटी असतात; चार-पाच महिने जीव जाईल इतकं काम, मग शांतता. अनुवाद, सबटायटल, शिकवणं याची जोड लागते. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा.

सुरुवात कुठून करावी?

जवळची फिल्म सोसायटी गाठा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ, पुण्यात आशय. गावात नसेल तर वाचनालयाची खोली आणि प्रोजेक्टर मिळवून काढा. पुण्यातला चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम जमेल तेव्हा करा. अनेकांची दिशा तिथे बदलली आहे. पिफ, मुंबईचा मामि, थर्ड आय, गोव्याचा इफ्फी, यांपैकी कुठेही आधी स्वयंसेवक म्हणून जा. पाहुण्याला स्टेशनवरून आणणं, डीसीपीचा (थिएटरात दाखवायच्या डिजिटल प्रतीचा) पासवर्ड वेळेत न आल्याने बाहेर खोळंबलेल्या रांगेला समजावणं, हे केल्याशिवाय महोत्सव कळत नाही.

लिहिणं मात्र पहिल्या दिवसापासून. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटावर दोनशे शब्द, कुठे छापून येवोत न येवोत. आणि वर्षातून एकदा हा खेळ खेळून बघा: स्वतःचा पाच चित्रपटांचा महोत्सव कागदावर मांडा, कोणत्यानंतर कोणता ते ठरवा, आणि सहावा चित्रपट का घेतला नाही हे त्याच्या दिग्दर्शकाला पत्रातून कळवायचंय असं समजून ते पत्र लिहा. पत्र जमलं नाही तर निवडही जमलेली नसते.

माझा चित्रपट तयार आहे. थेट संचालकांनाच मेल करू का?

नको. प्रवेशिका महोत्सवाच्या संकेतस्थळावरून, शुल्क भरून आणि मुदतीत पाठवायची. त्याआधी नियमावलीतला पहिल्या खेळाचा भाग दोनदा वाचा. प्रमाणपत्राच्या मोहाने एखाद्या छोट्या ऑनलाइन महोत्सवात चित्रपट दाखवून टाकायचा आणि मग व्हेनिसचे दरवाजे बंद झाले म्हणून हळहळायचं, हे मराठीत वारंवार घडतंय. इंग्रजी सबटायटल भाषा जाणणाऱ्याकडून करून घ्या; त्यात शिवी, म्हण आणि गाणं या तीन ठिकाणी पैसे वाचवू नका. लिंकचा पासवर्ड जुलै संपेपर्यंत बदलू नका.